डोळ्याखालची खसखस

लिफ्टच्या आरशात ती डोळ्याखालच्या पांढऱ्या दाण्यांतला एक दोन नखांत धरून दाबत होती, तेवढ्यात मागून आवाज आला, "दाबू नका. पिंपल नाहीये ते."

केवढी दचकली! मागं कुणी उभं आहे हे हिच्या गावीही नव्हतं. दिवसभर चष्म्याच्या दुकानात 'ही ओळ दिसते का?' विचारणाऱ्या बाईसाहेबांना वरच्या मजल्यावर नव्यानं आलेला त्वचेचा डॉक्टर काही दिसला नव्हता.

"मग... काय आहे?"

"मेलेली त्वचाच. कातडीखाली गोळी होऊन अडकते. तिला तोंडच नसतं, मग दाबून निघणार कुठून? डाग तेवढा पडेल. जाड क्रीम फासता का?"

"आत्यानं दिलंय. लिंबूही चोळून झालं."

"दोन्ही बंद करा. त्रास काही नसतो त्यांचा. जातात कधी आपोआप, नाहीतर राहू द्या." आरशात निरखत तो म्हणाला, "छान दिसतात — खसखस पेरल्यासारखे."

आता बोला! त्या दाण्यांवरून घरादारानं तिला पिडलं होतं. आलेली स्थळं परत गेली तेव्हा आत्यानं खापर या दाण्यांवरच फोडलं होतं. राहू द्या म्हणणारा हा पहिलाच भेटला. तिथंच पोरीची विकेट पडली.

मग काय, डॉक्टरांच्या चष्म्याचा स्क्रू सारखा सैल व्हायला लागला.

"कालच तर घट्ट केला होता," ती डोळे बारीक करून म्हणायची.

"बेताचाच केलात... मुद्दाम ना?"

"तुम्हीच फिरवून आणता. मला कळत नाही होय?"

"कळतं तर विचारता कशाला, खसखस?"

ती लाजायची. त्याच्या कानामागं दांडी बसवताना बोटं उगाच रेंगाळायची. आणि खरं सांगायचं तर स्क्रू ती बेताचाच आवळायची.

शेवटी एका रविवारी तो आपल्या आईला घेऊन तिच्या घरी बोलणी करायला आला. चहा झाला, हसणं-खिदळणं झालं. मग त्याच्या आईनं पुढं वाकून विचारलं, "हे डोळ्याखाली काय गं?"

तिनं त्याच्याकडं पाहिलं. 'काही नाही गं आई, असू दे' — एवढंच त्यानं म्हणावं, बस्स.

तो कपात बघत म्हणाला, "काढून टाकतो ना मी. सुईनं दोन मिनिटांचं काम. लग्नाच्या फोटोत दिसणारही नाहीत."

आईचा चेहरा खुलला. आत्याचाही. हिनं मात्र कप खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो चष्मा घेऊन दुकानात हजर. "रागावलीस? अगं, आईची समजूत काढत होतो. आणि काढले तर बिघडलं कुठं?"

"कुठंच नाही. पहिल्याच दिवशी काढा म्हणाला असतात, तर हसत काढून घेतले असते." तिचा आवाज कापला. "राहू द्या म्हणालात... आणि मी वेडी जीव लावून बसले."

तिनं चष्मा घेतला, स्क्रूवर थेंबभर गोंद सोडला आणि तो पार शेवटपर्यंत आवळला.

"घ्या. दोन मिनिटांचं काम होतं. आता सैल व्हायचा नाही."

"खसखस..."

"गिऱ्हाईक थांबलंय, डॉक्टर."

तो गेला. काउंटरवरच्या आरशात बघताना तिचं बोट दाण्यावर गेलं, पण तिनं तो दाबला नाही. रडू मात्र आवरेना. समोरचं गिऱ्हाईक बिचारं विचारत राहिलं, "डोळ्यात काही गेलं का हो?"