तारेने आलेलं नाव

"माझा मुलगा रोज संध्याकाळी घरी येतो," कुमुदताई म्हणाल्या, "फक्त दिसत नाही. तेवढा शोधून द्या."

राइट टाउनमधल्या त्या लहानशा ऑफिसात भय्यासाहेबांनी चहाचा कप हळूच खाली ठेवला. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून ते पुतणी प्रणाली देवतळे हिच्या तपासकामात लुडबुड करत. स्कूटर चालवायची, लोकांना बोलतं करायचं आणि सगळ्यांत शेवटी समजायचं, ही त्यांची कामं.

कुमुदताई खेरडेकर राहायच्या चेरीतालला. दोन वर्षांपूर्वी पुराच्या दिवसांत त्यांच्या मुलाचा, गंधारचा, पाय नर्मदेच्या घाटावर घसरला. देह हाती लागला नाही. म्हणून कुमुदताईंनी ना दिवस करू दिले, ना सून दुर्वाच्या गळ्यातलं मंगळसूत्र उतरू दिलं. घरात कुणी 'गेला' म्हणायचं नाही.

घराच्या वाय-फायला कोण जोडलं आहे हे आईच्या फोनात दिसावं, अशी सोय गंधारनेच करून दिली होती. कामावरून आला की तो थेट वर जाऊन लॅपटॉप उघडायचा. फोनात 'गंधार-पीसी' उमटलं की आई खाली तवा ठेवायची. हाका मारायचं कामच नव्हतं. आणि आता महिनाभर दिवेलागणीला तेच नाव पुन्हा येत होतं.

लॅपटॉपचं काय, असं प्रणालीने विचारलं. तो बंद पडून कपाटात होता, बॅटरी फुगलेली.

"म्हणजे त्यानं नवा घेतला असन. गल्लीतच कुठं बसत असन," कुमुदताई म्हणाल्या. "आत यायला लाजून राहिला काहून, ते विचारा त्याला. आई रागावली नाही म्हणा."

भय्यासाहेबांना तर वाटलं, पोरगा आज सापडलाच.

चेरीतालला फाटकातच कुमुदताईंचे यजमान अविनाशराव भेटले. त्यांनी दोघांना बाजूला घेतलं. आपण यातलं काही जाणत नाही म्हणाले, पण जपून विचारा. नाव यायला लागल्यापासून ती दोन घास धड जेवते आहे.

प्रणालीने आधी कपाटातला लॅपटॉप उलटा केला. खालचे दोन स्क्रू नव्हते. मग तिने कुमुदताईंचा फोन घेतला. 'गंधार-पीसी'समोर वाय-फायच्या कमानी नव्हत्या, तारेचं चिन्ह होतं. खाली त्या मशीनच्या नेटवर्क-कार्डाचा लांबलचक नंबर होता.

"काका, या नंबराच्या सुरुवातीवरून बनवणारी कंपनी कळते," तिने शोधून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ही लॅपटॉप बनवणारी नाही."

"मग काय बनवते?"

प्रणालीने कुमुदताईंकडे वळून, नाव यायचं कधी चुकतं का, असं विचारलं.

"दुर्वा पोरीला घेऊन माहेरी गेली होती, मझौलीला. तेवढे दिवस नाही आला. बायको घरात नाही ते कळत असन ना त्याला."

राउटरमधून दोनच तारा निघत होत्या. एक भाडेकरूच्या खोलीत, दुसरी वर. भाडेकरू यशोधन बँकेतला, बदलून पुण्याहून आलेला. भय्यासाहेबांचा त्याच्यावर पक्का संशय बसला, कारण तो चहात साखर घालत नव्हता. पण त्याची तार पलंगाखाली गुंडाळलेली निघाली, तिच्यावर कोळ्याचं जाळं.

"मला फोनच पुरतो हो," यशोधन म्हणाला. "काकूंचा मुलगा मिळाला का?"

वर दुर्वा काम करत होती. कंपनीचं काम ती घरूनच करायची. तिच्या मोठ्या कॉम्प्युटरला तार लावलेली होती, भिंतीवर टीव्ही. तिच्या चार वर्षांच्या लेकीने, समृद्धीने, भय्यासाहेबांना दटावलं, "हळू बोला जी, आता माझी गोष्ट लागणार."

आम्ही गंधारला शोधायला आलोय, असं प्रणालीने सांगितलं. दुर्वाने मान डोलावली आणि खुर्ची पुढे केली. बस, एवढंच.

पोरीला यशोधनकडे खेळायला पाठवून प्रणालीने सगळ्यांना बैठकीत बसवलं.

"कुमुदताई, जे सांगणार आहे ते कठीण आहे. नाव तारेने येतं, म्हणजे ते गल्लीतून येत नाही, घरातूनच येतं. यशोधनची तार पडून आहे. उरली वरची. दुर्वा मझौलीला गेली की नाव येत नाही. कपाटातल्या लॅपटॉपचे स्क्रू निघालेत, कारण त्याची डिस्क काढून घेतलीय. आणि कार्डाचा नंबर अशा कंपनीचा आहे जी कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर बनवते. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. गंधारचा कॉम्प्युटर दुर्वाच्या कॉम्प्युटरच्या पोटात चालू आहे."

"पण मग ते वेगळं नाव कसं दिसलं?" भय्यासाहेबांनी विचारलं.

"एरवी दिसत नाही. आतलं मशीन बाहेरच्याच्या आडून बोलतं, राउटरला एकच दिसतं. पण मग टीव्हीलाही ते सापडत नाही, आणि समृद्धीची गोष्ट तर टीव्हीवरच लागते. म्हणून दुर्वाने ब्रिज केला. ब्रिज केला की आतलं मशीन स्वतःच्या नावाने घरच्या नेटवर्कवर उभं राहतं. राउटर त्याला वेगळा पत्ता देतो, घरातल्या वेगळ्या माणसासारखा." तिने दुर्वाकडे पाहिलं. "नवरा शोधायला माणसं आली आणि बायकोने 'जिवंत आहे का' एवढंही विचारलं नाही. तेव्हाच मला खात्री पटली."

दुर्वा जमिनीकडे बघत होती.

"त्यानं पोरीसाठी गोष्टी बोलून ठेवल्या होत्या," ती म्हणाली. "नुसत्या उचलून घेता आल्या असत्या. पण त्यानं स्वतः मांडून ठेवलेलं मोडवेना मला. म्हणून त्याचं सगळं जसंच्या तसं चालू केलं. आई, तुमच्या फोनात नाव जाईल हे ध्यानातच नव्हतं जी. दुसऱ्या दिवशी खाली आली, तर तुम्ही जेवून राहिल्या होत्या. मग बंद करायची हिंमत नाही झाली."

अविनाशरावांनी तोंडावर उपरणं धरलं.

कुमुदताईंनी प्रणालीला नाही, सुनेलाच विचारलं.

"म्हणजे गेला तो?"

"हो, आई."

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

कुमुदताई उठल्या, सुनेजवळ जाऊन खाली बसल्या आणि तिचं डोकं आपल्या मांडीवर ओढून घेतलं.

"दोन वर्षं तुला रडू नाही दिलं मी," त्या म्हणाल्या. "रड आता."

प्रणालीने भय्यासाहेबांच्या बाहीला धरून त्यांना बाहेर आणलं. फाटकाबाहेर त्यांनी स्कूटरला किक मारली नाही; आतला आवाज थांबेपर्यंत ते दोघं तिथेच उभे राहिले, आणि तो लवकर थांबला नाही.