सावकाश उघडणारी डिस्क

आईचं भरतकामाचं मशीन गिऱ्हाइकाच्या टेम्पोत चढलं, टेम्पो लालबागच्या वळणावर दिसेनासा झाला, आणि घरात एकटीच उरलेली ओवी दादरच्या एका गल्लीत आली. हातात आईच्या कॉम्प्युटरमधली हार्ड डिस्क होती. समोर पाटी दिसली – 'जुने कॉम्प्युटर दुरुस्त करून मिळतील'. ती आत शिरली.

"ही उघडेल?"

काउंटरमागच्या तरुणाने डिस्क हातात घेतली, आधी रुमालाने हलकेच पुसली. ओवीला ते आवडलं.

"उघडेल. पण आजच्या कॉम्प्युटरला हिची केबल लागतच नाही. हिच्या काळातलं कंट्रोलर कार्ड शोधायला लागेल. आहे काय हिच्यात?"

"आईच्या भरतकामाचे फोटो, व्हिडिओ. लालबागला तिचा क्लास... होता. ती होती तोवर."

त्याने पावती फाडली. खाली स्वतःचं नाव लिहिलं – हेरंब.

आठवड्याने कार्ड मिळालं. डिस्क कुरकुरत फिरू लागली, पण फोटो येत होते अगदी रांगत.

"इतकं हळू?" ओवीने विचारलं.

"असं समजा, डिस्क म्हणजे गोदाम. कंट्रोलर म्हणजे माल बाहेर काढणारा हमाल. आणि ड्रायव्हर म्हणजे त्याला कामाला लावणारा मुकादम. मुकादम जुना, ओळखीचा असेल तर हमाल हातगाडी भरून आणतो. नवखा असेल तर एकेक पुडकं."

"आपला मुकादम नवखा वाटतं?"

"हो," हेरंब कीबोर्डकडे बघत म्हणाला. "आणि डिस्क म्हातारी आहे, तापते. रोज तासभरच चालवू. तुम्ही... तू येशील ना?"

ती यायची. पडद्यावर एकेक फोटो उमलायचा, आणि पुढचा येईपर्यंत तिला बोलायला वेळ असायचा.

"हे बदक आहे?"

"मोर आहे रे! माझ्या मैत्रिणीच्या, नूपुरच्या लग्नाचा ब्लाउज. आईने मान तीनदा उसवली."

"तरी बदकच राहिलं."

ओवी हसली. आपलंच हसू तिला अनोळखी वाटलं. लालबागच्या खोलीत ती दिवसभर लॅपटॉपवर टाइप करायची, बोलायची नाही. संध्याकाळी मशीनच्या रिकाम्या जागेवर फक्त चार पायांचे ठसे दिसायचे. हेरंबचे आईवडील गावी परतले होते. घोडपदेवच्या खोलीत तोही एकटाच. दुपारचा डबासुद्धा तो दुकानातल्या बंद मॉनिटरसमोर बसून खायचा.

फोटो संपत आले तशी ओवी कमी बोलू लागली. कॉपी संपली की दादरला यायला काय निमित्त उरणार होतं?

त्या संध्याकाळी मोजकेच व्हिडिओ बाकी होते. हेरंबने मध्येच हात थांबवला.

"ओवी, एक सांगायचंय... या कार्डाचा बरोबर ड्रायव्हर माझ्याकडे पहिल्यापासून आहे. टाकला असता तर त्याच दिवशी सगळं झालं असतं. मी टाकला नाही."

ओवीने डिस्कवर हात ठेवून पाहिला. पंखा फिरत राहिला.

"डिस्क तापते, ते?"

"तापते... पण इतकी नाही. तू बोलायचीस ना, ते... चुकलं माझं. तुझ्या आईच्या वस्तूशी असं करायला नको होतं."

"पडद्यावर तू उघडलेल्या यादीत कार्डाच्या नावापुढे पिवळं चिन्ह होतं," ओवी हळूच म्हणाली. "पहिल्या दिवशीच पाहिलं. घरी जाऊन शोधलं त्याचा अर्थ. ड्रायव्हर नीट नाही, असा."

"मग बोलली का नाहीस?"

"तू का नाही बोललास?"

 तिने खुर्ची थोडी त्याच्याकडे ओढली.

"टाक आता. आईचे व्हिडिओ होऊ देत लवकर."

"आणि उद्या?"

"उद्या दुकान जरा लवकर बंद कर. कुठेतरी चहा पिऊ. रोज काय या पंख्याखालीच बसायचं?"

त्याने ड्रायव्हर टाकला. कॉपीची हिरवी पट्टी सरसर पुढे धावली. ती संपली केव्हा, ते दोघांनीही पाहिलं नाही.