टाकीतला खरवडण्याचा आवाज

जपानातल्या नामेरिकावाच्या धक्क्यावर खोल पाण्यातल्या गोगलगाई पोत्यांनी उतरतात आणि सोयाच्या रश्श्यात शिजून संध्याकाळपर्यंत फस्तही होतात. पण त्यांचं एक पिल्लू टाकीत जगवणं आजवर आमच्या मत्स्य संशोधन केंद्रात कुणाला जमलं नव्हतं. मला ते जमवायचंच होतं. पाच वर्षं पिल्लं अंड्याच्या कोषातच मरत होती, आणि साहेबांनी सांगून टाकलं होतं, यंदा जमलं नाही तर मार्चअखेर टाकी बंद.

त्यामुळे फेब्रुवारीत धक्क्यावरच्या म्हाताऱ्या कोळ्यानं, त्सुनेजीकाकांनी, हजार मीटर खोलीवरून ओढलेल्या गोगलगाई धरायच्या टोपलीला चिकटलेला कोषांचा भलाथोरला गड्डा आणून दिला, तेव्हा मी अक्षरशः नाचले. टोपली आपली नाही, असं काका म्हणाले. तिच्या दोराची गाठ त्यांच्या धाकट्या भावाच्या, मासुओच्या हातची होती. मासुओला बुडून अकरा वर्षं झाली होती. समुद्राच्या तळाशी काय कमी टोपल्या पडल्यात, असं म्हणून मी सूक्ष्मदर्शकाकडे पळाले.

एकेका कोषात हजारो अंडी असतात, पण पिल्लं होतात दोनचारच. बाकीची भावंडं म्हणजे त्यांची शिदोरी. ती संपली की पिल्लू जिभेच्या कानशीनं कोष खरवडून बाहेर येतं. माझ्या पिल्लांना शंख आले होते, हृदयं उडत होती. आनंदानं मला जेवण जाईना.

नवव्या दिवशी पाण्यात सोडलेल्या माइकवर खरवड ऐकू आली. तीनदा, मग श्वासभर थांबून एकदा. सगळे कोष एका तालात. पंपाचा खेळ असेल म्हणून मी पंप बंद केला. ताल तसाच राहिला. असलं काही कुणी नोंदवलेलं नव्हतं, आणि मी आनंदानं वेडी व्हायची बाकी होते.

दुपारी काका बर्फ द्यायला आले आणि स्पीकरवरचा ताल ऐकून दारातच थबकले.

"तोमिए, हे कोण वाजवतंय?"

"तुमचीच पिल्लं, काका."

त्यांनी टोपी काढली. होडीत इंजिनापुढं आरडाओरडा ऐकू येत नाही, म्हणून ते आणि मासुओ होडीच्या कडेवर ठोकून बोलायचे, असं त्यांनी सांगितलं. तीन आणि एक म्हणजे ‘मला वर ओढ’. मग मी अडवायच्या आत त्यांनी टाकीच्या काचेवर दोनदा ठोकलं.

खरवड थांबली.

"हे काय केलंत?"

"थांब म्हटलं त्याला."

"मग आता ये म्हणा."

"तसं नसतं गं. ज्यानं थांब म्हटलं, त्यानंच जाऊन ओढायचं."

समुद्र खवळलेला होता, होडी काढणं शक्य नव्हतं. चार दिवस पिल्लं कोषात जिवंत, शिदोरी संपलेली, आणि एकही खरवडेना. मी ठोकून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. विज्ञान गुंडाळून ठेवलं आणि काकांच्या दारात जाऊन हात जोडले.

"जा एकदाचे. माझी पिल्लं मरतायत."

पाचव्या पहाटे वारा पडला आणि टोपली वर आली होती त्या जागेकडे ते एकटेच निघाले.

दहा वाजून वीस मिनिटांनी सगळे कोष एकदम फुटले. मी किंचाळलेच. जमलं! साहेबांना फोन लावला, रडले, हसले, मग भिंग घेऊन वाकले.

कोषांना आतून खरवडलेली गोल, स्वच्छ भोकं होती.

टाकीत एकही पिल्लू नव्हतं.

गाळणी उपसली. तळाची वाळू चाळली. बाहेर जाणाऱ्या नळीची जाळी पाहिली. काही नाही. संतापानं मी धक्क्यावर धावले.

काकांची होडी लागत होती. त्यांनी दोर बांधला, धक्क्यावर चढले, माझ्याकडे पाहून लहान मुलासारखे हसले.

मग वळून त्यांनी रिकाम्या होडीकडे हात पुढं केला, काहीतरी घट्ट धरलं आणि ओढलं.

कुणीतरी उतरावं तशी होडी पाण्यात बोटभर वर आली.