खणातलं शेवटचं पान

विश्वास ठेवा, नका ठेवू. पण हे माझ्या सख्ख्या ताईच्या बाबतीत घडलंय. भर दुपारी, तीन वाजता, आणि दाराबाहेर मीच उभी होते.

ताई भुतांच्या प्रेमकथा लिहायची. नायिका जिवंत, प्रियकर मेलेला. तिची एक खोड होती. कादंबरीचं शेवटचं पान ती आधी लिहायची. त्यात तो निरोप घेऊन कायमचा निघून जायचा. ते पान टेबलाच्या खणात ठेवलं, की मगच पहिलं प्रकरण.

"बोलावलंय, तर जायची वाटही आधीच करून ठेवावी," म्हणायची.

मी हसायचे.

मग तिला मालिका मिळाली. चॅनेलवाला म्हणाला, "मॅडम, शेवट कशाला? लोक बघतायत तोवर ताणायचं. रोजचा भाग फक्त दारावर थांबवा. टकटक झाली, की संपला."

पहिल्यांदाच खण रिकामा राहिला.

दोनशे भाग झाले. ताई पार वाळून गेली.

"तो दमलाय गं," एकदा म्हणाली. "कादंबरीत मी त्याला सोडायचे. इथे सोडायला वरून मंजुरी लागते."

मला वाटलं, कामाचा ताण.

त्या दुपारी तिचा फोन आला. "लवकर ये. खोलीचं दार उघडत नाहीये."

मी धावत गेले. बाहेरून कडी नव्हती. खांदा लावून ढकललं. दार हलेना.

आणि आतून…

टक… टक…

"ताई, वाजवू नकोस, मी ढकलतेय!"

"मी खिडकीपाशी आहे गं," ती रडत होती. "मी नाही वाजवत."

मला तो रिकामा खण आठवला.

"शेवटचं पान लिही!" मी ओरडले. "आत्ताच्या आत्ता!"

टकटक थांबली. कागदावर पेन चालल्याचा आवाज आला… मग तोही थांबला.

दार आपसूक उघडलं. खोलीत ताईशिवाय कोणीच नव्हतं.

तिने ते पान चॅनेलला पाठवलं. उत्तर आलं, "छान आहे, पण घेता येणार नाही. मालिका वाढलीय." ताईने त्याच दिवशी काम सोडलं. तिच्या जागी नवी लेखिका आली.

गेल्या महिन्यात त्या पोरीचा मला फोन आला. दाराची गोष्ट तिने कुठूनतरी ऐकली होती. आवाज अगदी बारीक.

"तुमच्या ताईंच्या खोलीचं दार… शेवटी कसं उघडलं होतं?"

तिच्यामागे मला ऐकू आलं…

टक… टक…

"शेवट लिही!" मी म्हणाले.

ती रडायला लागली. "मला परवानगी नाही हो."

फोन कट झाला. तेव्हापासून तिचा नंबर बंद आहे.

मालिका मात्र रोज साडेसातला सुरू होते.