नव्वद मीटरवरचं झाड

"कोणी बुडालंय का?"

मागून आवाज आला तेव्हा कतुरामू डोंगरकड्यावरच्या सगळ्यात उंच दगडावर चवड्यांवर उभा होता. उजवा हात आभाळात, हातात फोन, आणि फोनमध्ये त्याचे कंपालाचे साहेब अर्ध्या वाक्यात अडकलेले. त्याने वळून पाहिलं. रस्त्याच्या कडेला मोटरसायकल थांबवून एक मुलगी त्याच्याकडे बघत होती. पाठीवर वायरीचं भेंडोळं, कमरेला पक्कड, आणि डोळ्यांत अगदी उघडउघड हसू.

"बुडालं नाही कोणी," तो ओशाळून म्हणाला. "रेंज शोधतोय."

"अस्सं! हात वर करून ओरडत होतात, म्हटलं मदत हवी असेल."

"हवीच आहे हो... पण ती तुमच्याच्यानं होणार नाही."

तिने गाडी बंद केली. शांतपणे हेल्मेट काढलं. "अपोलोट माझं नाव. तिकडे पूर्वेला सोरोटीची. घराघरांत नेटच्या वायरी ओढणं हाच माझा धंदा. आता बोला, काय होणार नाही माझ्याच्यानं?"

कतुरामू दगडावरून उतरला – म्हणजे घसरलाच. दोन पावलं पुढे येऊन त्याने खाली बोट दाखवलं.

खाली जुन्या ज्वालामुखीच्या खळग्यात हिरवंगार तळं होतं. तळ्यावर अजून धुकं बसलेलं, आणि त्या धुक्याच्या काठाला केळीच्या बागेत एक पत्र्याचं घर. कतुरामूच्या बाबांचं. आयुष्यभर चहाच्या कारखान्यातलं इंजिन सांभाळलेला हा माणूस सहा महिन्यांपूर्वी अर्धांगाने आडवा झाला होता. शब्द तुटक येत, उजवा हात तर येतच नसे. पण तळं दिसलं नाही की जेवत नसत. धाकटी बहीण त्यांना कासेसेला न्यायला तयार होती, मात्र इस्पितळातल्या चार दिवसांतच ते जे लहान मुलासारखे रडले, ते पाहून कतुरामूने ठरवून टाकलं होतं... यांना इथून हलवायचं नाही. आपणच हलायचं.

विमा कंपनीचे साहेब तसे भले. म्हणाले, घरून काम कर, पण नेट वायरीचं हवं. शुक्रवारी दहा ते बारा आम्ही तपासणार. एकदा जरी तुटलं, तर सोमवारी तू कंपालात.

"आणि त्या खड्ड्यात वाऱ्यावरून काहीच उतरत नाही," तो म्हणाला. "सगळे येतात, कड्यावरून खाली बघतात आणि निघून जातात."

अपोलोटनेही खाली बघितलं. बराच वेळ. मग म्हणाली, "घरी चहा मिळतो का?"

इकडे तोरो मुलखात माणसाला त्याचं एम्पाको, म्हणजे लाडाचं नाव विचारल्याशिवाय नमस्कार पुरा होत नाही. बाबा ओसरीवर खुर्चीत होते. त्यांनी डावा हात पुढे केला आणि मोठ्या कष्टाने विचारलं, "एम्पाको... तुझं?"

"आमच्या सोरोटीकडे नसतं हो बाबा तसं काही."

बाबांना हे काही पटलं नाही. बिननावाच्या पाहुणीला चहा कसा द्यायचा? तेवढ्यात ती म्हणाली, "बसा, आधी एक गोष्ट बघते," आणि उताराच्या मध्यावरच्या अ‍ॅव्होकाडोच्या झाडावर सरसर चढलीसुद्धा. वरून आधी कड्याकडे पाहिलं, मग घराकडे. खाली दोन पिकली फळं धप्पकन पडली.

"अब्वोली," बाबा म्हणाले. मांजर! आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडाची एक बाजू हसली.

कतुरामू झाडाकडे बघत राहिला. चहा उतू गेला.

---

"तुमच्याकडे वीज कुठे आहे? घरात," त्या दिवशी ती समजावत होती. "आणि नेट कुठे आहे? वर, कड्यावर. तिथे नेट पकडणारी तबकडी लावायची. पण तबकडीला वीज लागते. आणि नेटची वायर शंभर मीटरच्या पुढे दम सोडते. तुमचं अंतर एकशेऐंशी."

"म्हणजे संपलंच."

"एवढ्यात हात टेकले? दगडावर तर भारी उंच धरला होता!" तिने खिशातून तळहाताएवढी पत्र्याची डबी काढली. "हा स्विच. नव्वद मीटरवर, त्या झाडात. त्याला वेगळी वीज नको. वायरीतूनच आपल्यापुरती घेतो, उरलेली पुढे तबकडीला देतो. खालून वीज वर जाते, वरून नेट खाली येतं."

"एकाच वायरीतून?"

"एकाच."

"आणि... वाटेत टक्कर नाही होत?"

"जाणाऱ्याला येणाऱ्याची अडचण होत नाही," ती म्हणाली. बोलता बोलता तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि दोघांचीही नजर उगाचच डबीकडे गेली.

वायर मी आणतो, असं कतुरामूने छातीठोकपणे सांगितलं होतं. आणलीही – फोर्ट पोर्टलच्या बाजारातून, दुकानदाराने तांब्याची म्हणून शपथेवर दिलेली. बुधवारी दोघांनी ती केळीच्या बागेतून ओढली. ती पुढे, तो मागे. पानांवरचं दव अंगावर सांडत होतं, ती मध्येच "ढील द्या!" म्हणून ओरडे, आणि त्याला त्या शब्दाचंही कौतुक वाटे.

घरातलं बटण दाबलं. झाडात हिरवा दिवा लागला.

कतुरामूच्या अंगावर काटा आला. त्या झाडाखाली तो लहानपणी खेळला होता. त्या उतारावर आजवर वीज म्हणून ठाऊक होती ती फक्त पावसाळ्यातली. आणि आज पानांच्या गर्दीत, ना खांब ना जोड, बोटाएवढ्या वायरीच्या टोकाला एक दिवा शांतपणे डोळे मिचकावत होता. तो इतका भारावला की अपोलोटचं मनगट धरलं, आणि धरलंय हेही त्याला कळलं नाही.

"अहो... माझा हात."

"अं? हो... हो!"

तिने हात सोडवून घेतला. फार घाई मात्र केली नाही.

पण कड्यावरची तबकडी काही जगेना. लागे, दोन क्षण बोले आणि मरे. पुन्हा लागे, पुन्हा मरे. अपोलोट कपाळाला आठ्या घालून झाडाखाली बसली, वायरीचं टोक सोललं आणि ब्लेडने खरवडलं. वरचा लाल रंग निघून आतून पांढरं निघालं.

"घ्या तुमचं तांबं! अ‍ॅल्युमिनियमला नुसता रंग फासलाय. वीज वर पोचेपर्यंत अर्धी वाटेतच जिरते. दिव्याला पुरते, पण तबकडी बोलायला लागली की धाप लागते."

कतुरामूचं तोंड उतरलं. "शपथ घेतली हो त्याने..."

"त्याने शपथ घेतली आणि तुम्ही वायर घेतलीत. दुसऱ्यांचे दावे तपासता म्हणे तुम्ही!"

त्याने मान खाली घातली. आता ही उठेल, गाडी काढेल आणि जाईल, असं त्याला वाटलं. आणि मग पहिल्यांदाच त्याच्या लक्षात आलं, की नेट तुटण्याइतकीच त्याला याचीही भीती वाटत होती. काम झालं तरी ती जाणार, नाही झालं तरी जाणार...

"उद्या खरं तांबं आणते," अपोलोट म्हणाली. "मी स्वतः खरवडून. आणि तू दुकानात यायचं नाहीस."

तू! कतुरामू त्या रात्री त्या एका शब्दावर झोपला.

गुरुवारी नवी वायर पडली. संध्याकाळी तबकडी जागी झाली ती झालीच.

---

शुक्रवारी साडेनऊला तिची मोटरसायकल पुन्हा उतारावरून खाली आली. काम तर कालच संपलं होतं.

"सहज आले," ती म्हणाली. "काय रे, वीज गेली तर?"

कतुरामूचा हात शर्टाच्या बटणावरच थांबला. जन्मापासून या घरात वीज जाते. जाते म्हणजे अशी जाते की आल्यावर लोक टाळ्या वाजवतात. आणि हा शहाणा दोन दिवस झाडातल्या दिव्यावर इतका लुब्ध झाला होता, की दिव्याच्या मागे घरातली वीज आहे हेच विसरला!

"बॅटरी...?" त्याने विचारलं.

"बाजारातून आणायला आता वेळ नाही." अपोलोटने एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा आपल्या गाडीकडे. मग खाली बसली, गाडीचं झाकण उघडलं आणि आतली बॅटरी बाहेर काढली. आणखी एक डबी, चार तारा, दोन चिमटे. "बारा व्होल्टचे अठ्ठेचाळीस होतील. आता घरात वीज असो नसो, वायर या बॅटरीवर. दोन तास निघतील. कसेबसे."

"आणि तू? परत कशी जाशील?"

"तू साहेबांपुढे बस आधी!"

दहा वाजता पडद्यावर साहेब आले, त्यांच्याबरोबर आणखी दोघं. कतुरामू एकेक दावा उघडत गेला. अकराला वीस मिनिटं असताना घरातला फ्रिज घरघरून गप्प झाला. वीज गेली. साहेबांचं वाक्य मात्र पुरं झालं, आणि त्या पुढचंही.

खिडकीतून झाड दिसत होतं. झाडात हिरवा दिवा, आणि झाडाखाली, गुडघ्यांना मिठी मारून, मान वर करून बसलेली ती. धुकं सरकत होतं. ती मध्ये दिसेनाशी होई, पुन्हा दिसे. ही माणसं घराघरांतून अशी वायर ओढून निघून जातात, कतुरामूला वाटलं, आणि आपण नुसतं म्हणतो, नेट आलं. कोण आणतं, किती झाडांवर चढून आणतं... साहेबांनी दोनदा प्रश्न विचारला तेव्हा कुठे तो भानावर आला.

बाराला दोन मिनिटं कमी असताना साहेब म्हणाले, "ठीक आहे, कतुरामू. राहा वडिलांजवळ."

तो धावतच बाहेर गेला. बाबांपुढे गुडघे टेकले. "कुठे जायचं नाही, बाबा. तुम्हीही नाही, मीही नाही." बाबांनी डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि तळ्याकडे पाहत राहिले. त्यांचे डोळे वाहत होते.

अपोलोट झाडाकडून चालत आली. बॅटरी सोडवली, गाडीत बसवली आणि सुस्कारा टाकला.

"मेली बिचारी. आता गाडी काही चालू व्हायची नाही. वीज येणार, मग ही चार्ज होणार... संध्याकाळच म्हणायची. थांबावंच लागणार मला."

"थांब ना!" कतुरामू म्हणाला, जरा जास्तच मोठ्याने. "म्हणजे... मटोकेची केळी शिजवतो. घोटलेल्या घेवड्याचा फिरिंडा पण आहे..."

बाबा दोघांकडे आळीपाळीने पाहत होते. त्यांचा डावा हात हळूहळू उठला आणि त्यांनी गाडीच्या खालच्या अंगाला बोट दाखवलं.

"कि..." ते म्हणाले. "किक... आहे. किक मारली की... होते चालू."

सहा महिन्यांतलं त्यांचं सगळ्यात लांब वाक्य! आणि ते नेमकं या वेळी यायचं होतं.

अपोलोट गालांपासून कानांपर्यंत तापली. नजर चुकवायला तिला जागाच मिळेना – समोर कतुरामू, बाजूला बाबा, मागे तळं.

"ठाऊक आहे मला, किक आहे ते," ती शेवटी जमिनीकडे बघत म्हणाली. "माझीच गाडी आहे ना."

"मग?" कतुरामूने विचारलं.

"मग काय मग? सगळं मीच सांगायचं का? वायरही मीच ओढायची, आणि..."

"मला तू आवडतेस, अपोलोट," तो म्हणाला. "फार. जाऊ नकोस... म्हणजे जा, पण येत राहा. कामाशिवाय ये."

ती गाडीवर बसली, आणि एकाच किकमध्ये गाडी सुरू केली. कतुरामू एक पाऊल पुढे आला. तिने इंजिनाचा आवाज क्षणभर ऐकला, बाबांनाही ऐकू दिला, आणि मग गाडी बंद केली. खाली उतरली. ओसरीची पायरी चढून तिने किल्ली बाबांच्या डाव्या तळहातावर ठेवली.

बाबांनी मूठ मिटली.