मागच्या खोलीतला निरोप

मोबाईल सगळ्यांनी पालथे ठेवा बघू. हां, आता ऐका. ही काही ऐकीव गोष्ट नव्हे. ज्याच्यावर गुदरली तो भावकू माझा मावसभाऊ, इथंच कोगनोळीत राहतो. पटलं नाही तर उद्या जाऊन त्यालाच विचारा. सांगेल की नाही, ते मात्र मला माहीत नाही.

घरांना, दुकानांना कॅमेरे आणि अलार्म बसवायचा भावकूचा धंदा. गेल्या कार्तिकातली अमावस्या, गुरुवार होता. सांबऱ्याला एका किराणा दुकानात कॅमेरे बसवून तो आपल्या छोट्या गाडीतनं एकटाच घरी निघाला होता. काम मनासारखं झालं होतं, घाई कसली नव्हती. संकेश्वरजवळ चहाला थांबला. थंडी चांगलीच पडली होती. ग्लास तोंडाला लावला आणि मोबाईल वाजला. निरोप आला होता. 'मारुतीराव. मागची खोली. मदत बटन.'

भावकूनं चहा तसाच ठेवला. मारुतीराव आषाढातच वारले होते.

हे मारुतीराव म्हणजे आपल्या गावाबाहेर, शेताच्या कडेला घर असलेले. छातीचं दुखणं होतं त्यांना. म्हणून भावकूनंच त्यांच्या गळ्यात एक बटन अडकवलं होतं. बटन दाबलं की भिंतीवरच्या पेटीला कळायचं आणि पेटी इंटरनेटवरनं घरच्यांना निरोप धाडायची. आवाज, भोंगा काही नाही, नुसता निरोप. आषाढात शालूबाई, म्हणजे त्यांची बायको, लेकीकडं बेळगावला गेल्या होत्या. त्या रात्री पावसानं लाईट गेली. इंटरनेटची वायर तर रस्त्याच्या खोदकामात आधीच तुटलेली. सकाळी शेजारचा गुंडू दूध घेऊन गेला तेव्हा मारुतीराव खाटेवर थंड पडले होते. मुठीत बटन होतं. दाबून दाबून अंगठ्याला वळ उठला होता.

निरोप एकही गेला नव्हता.

दिवसकार्य उरकलं तशी शालूबाईंनी भावकूला बोलावून घेतलं. म्हणाल्या, ती सिम कार्डवाली पेटी बसव. वायर तुटो, लाईट जाओ, ही आपल्या बॅटरीवर चालते आणि मोबाईलच्या टॉवरवरनं निरोप धाडते, फोनही लावते. भावकूनं समजावून बघितलं, की तुम्ही आता लेकीकडं, रचनाकडं राहायला जाणार, घर बंद राहणार, मग कशाला हवी?

"बसव," शालूबाई म्हणाल्या. "कुणाला काय सांगायचं असंल, ते अडकून ऱ्हायला नको."

दुःखात माणूस काहीही बोलतं, असं म्हणून भावकूनं पेटी बसवली. फोन लागला की त्या खोलीतला आवाज ऐकू येईल असा बारीक माइकही तिच्यात होता. पहिला नंबर शालूबाईंचा घातला, दुसरा स्वतःचा. पहिल्यानं उचललं की दुसऱ्याला काही कळायचं नाही, उचललं नाही तरच त्याच्याकडं यायचं. गळ्यातलं बटन त्यानं मागच्या खोलीत खिळ्याला अडकवलं. बंद घरात सेल गळायला नको, म्हणून त्यातला सेल स्वतःच्या हातानं काढून टाकला होता.

आता तेच बटन कुणीतरी दाबलं होतं.

पेटी बिघडली असेल, भावकूनं मनाशी म्हटलं. तेवढ्यात फोन आला, पेटीचाच. त्यानं उचलला. आधी नुसती खरखर. मग खाटेची कुरकुर. मग श्वास... अडकत, ओढत घेतलेला. मग फोन बंद.

चहावाला हाक मारत राहिला. भावकू गाडीकडं धावला.

त्यानं शालूबाईंना फोन लावला. नुसताच वाजत राहिला. मग बेळगावात शहापूरला रचनाला लावला. पहिल्याच घंटीला तिनं उचलला. आई दुपारी देवळात जाते म्हणून गेली ती परतलीच नव्हती. सगळ्या गल्ल्या शोधून झाल्या होत्या, नवरा पोलीस ठाण्यात गेला होता. भावकूनं तिला घरच्या पेटीचं सांगितलं. ते ऐकून ती म्हणाली,

"मामा, आईला रात्रीचा फोन येतोय. बरेच दिवस झाले. ती काहीच बोलत नाही, नुसती कानाला लावून बसते. कुणाचा म्हणून विचारलं, तर म्हणते, घरचा हाय."

 म्हणजे पेटी रोज फोन करत होती. शालूबाई रोज उचलत होत्या, म्हणून त्याला कधी पत्ताच लागला नव्हता. आणि आज त्यांनी उचलला नव्हता.

रचनाला निघायला सांगून त्यानं गाडी सोडली. हमरस्त्यावर ट्रकांची रांग होती, डोळ्यांवर दिव्यांचा मारा. निपाणी मागं पडली. कोगनोळीत शिरला तर सगळं गाव काळं. लाईट गेली होती. त्यानं गुंडूला उठवलं. गुंडूकडं त्या घराची किल्ली असायची.

"आक्का आलत्या की सांजच्याला," गुंडू डोळे चोळत म्हणाला. "किल्ली घिऊन गेल्या. एक रात झोपते म्हटल्या. घरातली जुनी शेगडी मिळंना, म्हणून आमच्यातली नेली."

दोघं बॅटरी घेऊन निघाले. घराच्या खिडक्या बंद, पुढचं दार आतनं कडी लावलेलं. भावकूनं दार वाजवलं. हाका मारल्या. काही नाही. शेतातले किडेसुद्धा गप्प झाल्यासारखे.

मग आत कुठंतरी मोबाईल वाजायला लागला.

शालूबाईंचा. आतल्या अंधारात वाजत राहिला. वाजत राहिला... थांबला.

आणि भावकूच्या हातातला फोन वाजला.

पेटीचा. गुंडूनं त्याच्या दंडाला धरलं. भावकूनं स्पीकर लावला.

खरखर. एक श्वास, खोल, घरघरणारा, झोपेतल्या माणसासारखा. त्याच्या पलीकडं आणखी एक. धापा टाकत. अगदी जवळ. माइकला तोंड लावल्यासारखा.

"आक्का?" भावकू म्हणाला. त्याचाच आवाज दारातनं आत गेला आणि फोनमधनं परत आला.

धापा थांबल्या.

बराच वेळ... काही नाही.

मग कुणीतरी खोकलं. बाईमाणसाचं खोकणं नव्हे ते. आणि बोललं. हळू. एकेक शब्द ओढून.

"भावकू... दार मोड."

गुंडूच्या हातातली बॅटरी खाली पडली. ती उचलायलासुद्धा कुणी थांबलं नाही. खांदे लावले. एकदा. दोनदा. कडी तुटली. आत अंधार, आणि काहीतरी जड, कोंदट. मागच्या खोलीचं दार ढकलून भावकूनं मोबाईलचा उजेड टाकला. खिडकीच्या फटीत थंडी नको म्हणून चिंध्या कोंबल्या होत्या. मारुतीरावांच्या खाटेवर शालूबाई होत्या. एकट्याच. डोळे मिटलेले, हाक मारली तरी हलेनात.

दोघांनी त्यांना उचलून अंगणात आणलं आणि तशाच गाडीत घातलं. निपाणीच्या दवाखान्यापर्यंत भावकूनं गाडी कुठंच थांबवली नाही. गुंडू मागच्या सीटवर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. मागं वळून बघायचं नाही, एवढंच तो पुटपुटत होता.

शालूबाई वाचल्या. पहाटेपर्यंत रचना आणि तिचा नवरा येऊन पोचले. डॉक्टरांनी सांगितलं, बंद खोलीत कोळशाच्या शेगडीचा वायू साचला होता. त्याला ना धूर ना वास, माणूस झोपेतच जातं. शेगडी विझलेली होती, असं गुंडूनं सांगितलं तसं म्हणाले, तुम्ही ती विझवून बरं केलंत, आणखी थोडा वेळ पेटती राहिली असती तर यांना आणून उपयोग नव्हता. भावकूला वाटलं, गुंडूनं विझवली असेल. गुंडूला वाटलं, भावकूनं.

दुपारी शालूबाई नीट शुद्धीवर आल्या. शेगडी पेटवून आडवी झाले, पुढचं काही आठवत नाही, म्हणाल्या. रचना रडत होती. असं न सांगता यायचं काय नडलं होतं, आणि बाबा तुला बोलावत होते का, म्हणून तिनं विचारलं.

"बोलावत न्हवते गं," शालूबाई म्हणाल्या. "नुसत्या धापा टाकायचे. त्या रातीला उशाशी कुणी न्हवतं, म्हणून जाऊन बसले." आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

नंतर पेटी काढून टाकायची म्हणून रचनानं खूप सांगून बघितलं. शालूबाईंनी काढू दिली नाही. त्या आता त्याच घरात राहतात. गुंडूची बायको रात्री सोबतीला जाते. फोन येतो का, हे त्यांना कुणी विचारत नाही.

पण दवाखान्यातनं त्या दिवशी भावकू आणि गुंडू परत आले, तेव्हाचं सांगायचं राहिलं. तुटलेलं दार लावून घ्यायचं होतं. उजेडी दोघं मागच्या खोलीत गेले. बटन खिळ्याला होतं तसंच होतं, सेल नसलेलं. गुंडूनं आपली शेगडी उचलायला हात घातला आणि तसाच मागं घेतला.

तू विझवलीस ना, त्यानं विचारलं. भावकूनं मान हलवली. नाही.

कोळसे अर्धेच जळलेले होते आणि चिंब भिजलेले. राखेचा चिखल झाला होता. खालची फरशी मात्र कोरडी ठणठणीत. त्यांनी खाटेखाली बघितलं, कोनाड्यात बघितलं, दारामागं बघितलं.

पाण्याचं भांडं त्या खोलीत नव्हतंच.