वरच्या फळीवरच्या बरण्या

आमच्या ताईनं दगड मुरवायला घातले असते, तर तेही वर्षभरात मऊ पडले असते. आई गेल्यावर मला आणि धाकटीला तिनंच वाढवलं, तेही स्वयंपाकघरातल्या लांब टेबलाशी बसवून. फळं स्वस्त झाली की सोलायची, चिरायची, पाकात घालायची, बरण्या उकळत्या पाण्यात ठेवायच्या. निवताना झाकण आत ओढलं जाऊन टक् वाजायचं, मगच हात धुवायचे. सालीसुद्धा फेकायच्या नाहीत. आणि खाताना जुनी बरणी आधी. त्यामुळे जिथं फळांच्या राशी पडायच्या, त्या घरात ताजं फळ कुणी चाखलंच नाही.

कुणी कुरकुर केली, तर ताई भरलेली बरणी तोंडापुढे धरायची. "काय ते यात बोल." बोललं की झाकण. ही रीत आईपासूनची. त्या बरण्या वरच्या फळीवर जायच्या, अडीअडचणीला म्हणून. कधी उघडल्या नाहीत. कुरकुर मात्र बंद व्हायची. लहानपणी मी कशासाठी रडायचो, ते मला आजही सांगता येत नाही. शिस्त लागली, असं आम्ही समजत होतो.

धाकटीला परगावच्या इस्पितळात नोकरी लागली, तेव्हा तिनं आपली लेक, चिमणी, ताईकडे ठेवली. "कष्ट शिकेल, काटकसर शिकेल," असं मीच म्हणालो होतो. चिमणी नासपती सोलता सोलता एकच घोकायची: आईकडे जायचंय. एका दुपारी ताईनं बरणी धरली. चिमणी त्यात बोलली. बरणी उकळून निघाली, निवली, टक् वाजलं, आणि चिमणीनं मुकाट्यानं पुढची नासपती उचलली.

परवा धाकटी तिला न्यायला आली.

"चल गं, आपल्या घरी."

चिमणीनं पाहुण्याकडे पाहावं तसं पाहिलं. "पाणी देऊ का तुम्हाला?"

धाकटी हसली. मग बॅग खाली ठेवली. "तुम्हाला? अगं, मी आई तुझी."

"हो," चिमणी म्हणाली आणि सोलत राहिली. साल न तुटता लांबच लांब निघत होती.

धाकटीची नजर वर गेली. फळीवरच्या बरण्या किती जुन्या, पण काचेआडच्या फोडी आत्ता चिरल्यासारख्या पांढऱ्या.

"ताई, तिची काढ."

"काढते की. आधी जुन्या संपव."

"ताई."

"काय शिकवलं होतं तुला?"

हात वर केला असता तर बरणी मिळाली असती. दुसऱ्या कुठल्याही आईनं ती ओढून घेतली असती. पण धाकटी याच टेबलाशी वाढलेली. तिनं खुर्ची ओढली. चमचा मी आणून दिला.

सगळ्यात जुनी बरणी आईच्या हातची, आम्हा दोघांच्या जन्माआधीची. झाकण निघालं. वास ताजा होता.

धाकटीनं फोड गिळली.

तिचं तोंड उघडलं. आवाज तिचा नव्हता. लहान मुलीचा होता.

"आई, आजच्या दिवस शाळेत जाऊ दे ना गं. उद्या दुप्पट सोलीन."

ताईचा हात टेबलाच्या कडेवर थांबला. शाळेची पायरी कधी चढले नाही, हे ती आजवर अभिमानानं सांगायची.

मग तिनं बरणीत वाकून पाहिलं.

"तळाला राहिलंय," ती म्हणाली. "टाकायचं नाही."

चिमणीनं, कुणी न सांगता, पुढची बरणी पुसायला घेतली.